फळ्यावरचा आकडा: नागपुरातल्या एका वाचनालयात पाहिलेली निवडणूक चर्चा

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका जुन्या ले-आउटमध्ये आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. खाली वर्तमानपत्रांची खोली, मागे पुस्तकांची कपाटं आणि वर पत्र्याचं छत टाकलेला हॉल. मी समितीवर आहे. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे याद्या, हिशेब, मोजणी ही कामं न मागता माझ्याकडे येतात. या प्रकरणात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याच वहीतून निघालं, हे आधीच सांगून टाकतो. मतदारसंघ, पक्ष, वाहिनी आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

विधानसभेची निवडणूक १५ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला. मध्ये दिवाळी होती, म्हणून पहिले पंधरा दिवस तसे शांत गेले. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि मग ऑटोवरचे भोंगे सुरू झाले.

आमच्या ले-आउटचा विषय एकच, सिमेंटचा रस्ता. डांबर होतं तोवर रस्ता अंगणाच्या खाली होता. जुना थर न खरवडता त्यावरच सिमेंट आलं आणि रस्ता घराच्या जोत्याला लागला, काही गल्ल्यांत जोत्याच्या वर गेला. पावसाळी नालीचं तोंड वर राहिलं आणि पाणी सोपं घर शोधू लागलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी घराघरांत शिरली. आमचा भाग त्या पट्ट्यातला नाही, तरी त्या दिवसापासून इथे आभाळ भरलं की लोक आधी फ्रीजखाली विटा सरकवतात.

एका मराठी वृत्तवाहिनीने रविवारी, १० नोव्हेंबरला, संध्याकाळी सात वाजता शहराच्या प्रश्नांवर दोन मोठ्या बाजूंच्या प्रवक्त्यांची चर्चा ठेवली होती. प्रवक्त्यांचीच, कारण उमेदवारांनी किंवा नेत्यांनी समोरासमोर उभं राहून तास-दीड तास उत्तरं देण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि संपादक एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं पत्र पाठवलं होतं. राहुल गांधींनी तयारी दाखवली, पण चर्चा काही झाली नाही. तेव्हा आपल्या वाट्याला येतात ते प्रवक्ते. पण या वेळी सिमेंट रस्त्यांचा प्रश्न विषयपत्रिकेवर होता, म्हणून वाचनालयाच्या पोरांनी टूम काढली की आपण सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र बसून पाहू. शिकवणी वर्गातून प्रोजेक्टर आणला, पोलीस ठाण्यात लेखी कळवलं, कार्यक्रम दहाच्या आत संपेल अशी व्यवस्था केली.

मोजायची कल्पना माझी. चर्चेआधी एक पांढरी चिठ्ठी: कोणता विषय ऐकायचा आहे आणि आत्ता मन कुणाकडे झुकतं. चर्चेनंतर एक पिवळी: कोण जिंकलं आणि का, एका ओळीत. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त क्रमांक. तीन दिवसांनी फोन करून तेच पुन्हा विचारायचं, म्हणून ज्यांची हरकत नाही त्यांनी क्रमांकासमोर फोन नंबर लिहायचा. ती वही माझ्याकडे राहणार होती. नाव नसलं तरी फोन नंबर आला म्हणजे माणूस आलाच. लोकांनी माझ्याकडे पाहून नंबर लिहिले. हे मी तेव्हा फार हलक्याने घेतलं.

त्या संध्याकाळी

अठ्ठावन्न माणसं आली. पुढच्या दोन ओळी ज्येष्ठांच्या, मागे बाया आणि शेवटी दाराशी उभी पोट्टी. दहा मिनिटांत हॉलने प्रवक्त्यांना नावं देऊन टाकली. सत्तेतल्या बाजूचे झाले ‘जाकीटवाले’, विरोधातल्या बाजूच्या ‘फायलीवाल्या ताई’, कारण त्यांच्यासमोर निळ्या रंगाची जाड फाइल होती. पुढेही तीच नावं वापरतो.

पहिला अर्धा तास दोघंही एकाच वेळी बोलत होते. मग अँकरने रस्त्याचा प्रश्न काढला. रस्ता घरापेक्षा उंच झाला, पाणी आत येतं, काय करणार? जाकीटवाले हसले आणि म्हणाले, पाणी घरात आलं म्हणूनही तक्रार, उन्हाळ्यात पाणी नाही म्हणूनही तक्रार, नागपूरकराला पाणी पाहिजे की नको ते एकदा ठरवा बुवा. स्टुडिओत हशा पिकला. आमच्याही हॉलमध्ये पिकला, मीही हसलो. बोलण्याची ढब चांगली होती.

हशा ओसरतो न ओसरतो तोच पहिल्या ओळीतून एक आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, “नळातून पाहिजे ना जी, दारातून कायले पाहिजे!”

हॉल फुटला. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या, मागे एकीच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. पडद्यावर ताईंचं बोलणं सुरू झालं होतं, ते पहिलं वाक्यभर कुणाला ऐकूच आलं नाही. ऐकू आलं तेव्हा त्या म्हणत होत्या की पुढच्या थरासाठी आधी जुना थर खरवडावा लागेल. अँकरने मध्येच विचारलं, किती किलोमीटर? आकडा सांगा. ताईंनी फाइल उघडली. दोन पानं उलटली, तिसरं उलटलं. नंतर मी घड्याळ लावून पाहिलं, सात सेकंद गेले. मग मान वर करून त्यांनी किलोमीटरचा आकडा दिलाच नाही. आधी कोणत्या गल्ल्या घ्यायच्या ते सांगितलं: जिथे जोतं रस्त्याच्या खाली गेलंय त्या. मग उतार कुठल्या बाजूला द्यायचा, नालीचं तोंड किती खाली घ्यायचं, गडर लाइनची चेंबरं रस्त्याबरोबर कशी बसवायची. दीड मिनिट बोलल्या. आमच्या हॉलमध्ये त्या दीड मिनिटात कुणी खोकलंसुद्धा नाही. हा विषय इथे सगळ्यांच्या घराच्या उंबऱ्यापाशी आहे ना.

कार्यक्रम साडेआठला संपला. ठरलं असं होतं की लगेच पिवळ्या चिठ्ठ्या वाटायच्या, गोळा करायच्या आणि मग तर्री-पोहे. पण पोहेवाला पावणेआठलाच येऊन जिन्यात उभा होता. तर्री थंड होते म्हणून त्याची घाई. पोरांनी प्लेटा वाटायला घेतल्या आणि मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो. त्या पंधरा मिनिटांत हॉलमध्ये काय बोललं गेलं ते सांगायला नको. आजी बसल्या जागी सत्कारमूर्ती झाल्या होत्या. चिठ्ठ्या भरल्या गेल्या त्या हे सगळं झाल्यावर, काहींवर तर्रीचे डागही होते.

एक्कावन्न चिठ्ठ्या परत आल्या. ताई ३१, जाकीटवाले १४, कुणीच नाही ६. मी ते फळ्यावर लिहिलं, वर शीर्षक दिलं: ‘कोण जिंकलं?’ शिक्षकाचा हात, फळा दिसला की खडू उचलतोच.

अडचण

रात्री साडेनऊला एका पोराने फळ्याचा फोटो ले-आउटच्या ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता, लोक आले याचं त्याला कौतुक होतं. सकाळी सहाला तोच फोटो माझ्या मेहुण्याने मला वर्ध्याहून पाठवला. वर ओळ होती: नागपुरात सर्व्हे, ६१ टक्के जनता अमुक बाजूला, आणि खाली वाचनालयाचं नाव. एक्कावन्नातले एकतीस म्हणजे एकसष्ट टक्के, गणित बरोबर होतं. जनता मात्र आमच्या हॉलमधली होती आणि प्रश्न कुणाला मत देणार हा नव्हताच.

सोमवारी दुपारी दुसऱ्या बाजूचे दोन कार्यकर्ते आले. आवाज चढवला नाही. एकाने बसून पाणी घेतलं आणि विचारलं, “सर, वाचनालय कुणाचं हाय, सगळ्यायचं ना?” त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. ग्रंथपाल घाबरला. आम्ही १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालचं मान्यताप्राप्त वाचनालय, अनुदान घेतो. उद्या कुणी तक्रार केली तर उत्तर समितीने द्यायचं.

मंगळवारी क्लिप आली. तेवीस सेकंदांची. अँकर आकडा विचारतो, ताई फाइल उघडतात, पानं उलटतात, मागे तबल्याची धून आणि ताई मान वर करतात तिथेच क्लिप कापलेली. पुढचं दीड मिनिट गायब. बुधवारी तुळशीचं लग्न होतं. फराळाच्या ताटाशी बसून माणसं ती क्लिप एकमेकांना दाखवत होती.

त्याच बुधवारी आणि गुरुवारी मी फोन केले. वहीत नंबर असलेल्यांपैकी ३७ जण भेटले. त्यांच्या रविवारच्या पिवळ्या चिठ्ठ्या अशा होत्या: ताई २२, जाकीटवाले १०, कुणीच नाही ५. फोनवर तेच ३७ जण म्हणाले: ताई १५, जाकीटवाले १६, कुणीच नाही ६.

हा बदल मला तितका धक्का देऊन गेला नाही. धक्का बसला तो ‘काय आठवतं?’ या प्रश्नावर. अकरा जणांनी पानं उलटण्याचा उल्लेख केला. रविवारच्या एक्कावन्न चिठ्ठ्यांपैकी एकीवरही तो नव्हता. ती सात सेकंदं त्यांनी समोर बसून पाहिली होती आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एका गृहस्थांनी रविवारी लिहिलं होतं, ‘ताईंनी नालीचं बरोबर सांगितलं’. बुधवारी तेच म्हणाले, “त्यायले आकडाच देता आला नाही जी.” दोन्ही वाक्यं तशी खरीच होती.

आणि आठ जणांनी सांगितलं की ताईंनी जाकीटवाल्यांना काय सणसणीत उत्तर दिलं, नळातून पाहिजे, दारातून कायले पाहिजे!

मी वही खाली ठेवली. ते वाक्य टीव्हीवर कुणी बोललंच नव्हतं. घरी बसून चर्चा पाहिलेल्या नऊ सभासदांनाही मी विचारलं होतं. त्यांच्यापैकी कुणालाच हे वाक्य माहीत नव्हतं आणि बहुतेकांना जाकीटवाल्यांचा विनोद आवडला होता. म्हणजे आमच्या फळ्यावरच्या एकतीसमध्ये काही वाटा आजींचा होता. किती, ते आता कोणतंही सूत्र सांगू शकत नाही, कारण पोहे आधी आले होते.

पर्याय

सोमवारपासून गुरुवारपर्यंत समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलीत अध्यक्षांचं म्हणणं होतं की लपवायचं कशाला, रीतसर अहवाल करून वर्तमानपत्राला देऊ. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वाचन दांडगं. त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची, केनेडी-निक्सनच्या चर्चेची गोष्ट काढली: २६ सप्टेंबर १९६०, शिकागो, रेडिओवर ऐकलं त्यांना निक्सन जिंकला वाटलं, टीव्हीवर पाहिलं त्यांना केनेडी. “असलं काहीतरी आपल्या हाती लागलंय सर,” ते म्हणाले.

मला ती गोष्ट वर्गात सांगायला फार आवडायची, म्हणून तिची उलटतपासणीही माहीत आहे. ती गोष्ट मुख्यतः एका बाजारपेठ सर्वेक्षण कंपनीच्या पाहणीवर उभी आहे आणि त्या पाहणीत नुसतं रेडिओवर ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते. शिवाय रेडिओवर विसंबणारी माणसं कोण, कुठली, आधीपासून कुणाकडे झुकलेली, हे वेगळं काढलेलं नव्हतं. १९८७ साली व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोन अभ्यासकांनी हे सगळं मांडलं. गंमत म्हणजे २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी प्रयोग करून, काहींना ती चर्चा नुसती ऐकवून आणि काहींना दाखवून, चित्राचा फरक पडतो हे दाखवलंच. गोष्टीचा निष्कर्ष कदाचित बरोबर, पुरावा मात्र कच्चा. आमचा पुरावा तर तर्रीने माखलेला होता. अहवालाचा पर्याय तिथेच मागे पडला, अध्यक्ष थोडे नाराज झाले.

दुसरा पर्याय सचिव मॅडमचा: गप्प बसायचं. निवडणूक संपेल, विषय संपेल. यात दम होता. पण फोटोवर वाचनालयाचं नाव होतं आणि गप्प बसणं म्हणजे ‘हो, आमचाच सर्व्हे’ असं म्हणण्यासारखं होतं.

तिसरा, पत्रक छापून घरोघरी टाकायचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. ते देता आलं असतं. पण क्लिप अर्धी आहे असं छापलं की एका बाजूचं भलं होतं, मग ते पत्रक निवडणुकीचंच ठरतं. कार्यकर्त्याचा तो साधा प्रश्न, वाचनालय कुणाचं, पुन्हा समोर उभा राहिला.

चौथा पोरांचा. ज्याने फोटो टाकला होता त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तोच पुढे होता. “सर, पूर्ण चर्चा पुन्हा दाखवू. मंगळवारी रात्री, मतदानाच्या आदल्या दिवशी, सगळे घरी असतात. ज्याला पाहायचं तो पूर्ण पाहील.” टाळ्या पडल्या. मलाही पटलं. घरी येऊन कायदा पाहिला तेव्हा अंगाला घाम सुटला. मतदान २० तारखेला संध्याकाळी सहाला संपणार, म्हणजे १८ तारखेच्या संध्याकाळी सहापासूनचे ४८ तास शांततेचे. त्या काळात निवडणुकीसंबंधीचा मजकूर टीव्ही किंवा तशा साधनाने लोकांना दाखवायला कलम १२६ ने मनाई आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आमचा प्रोजेक्टर ‘तशा साधनात’ बसतो की नाही यावर वाद घालायची माझी तयारी नव्हती.

काय केलं

गुरुवारच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. एक, वाचनालयाच्या फलकावर आणि ग्रुपवर चार ओळींची सूचना: रविवारी ५८ जणांनी चर्चा पाहिली, ५१ जणांनी कोण चांगलं बोललं ते लिहिलं, हे मतदानाचं सर्वेक्षण नव्हतं, चिठ्ठ्या भरण्याआधी सभासदांमध्ये चर्चा झाली होती. शेवटची ओळ ठेवावी की नाही यावर तासभर खल झाला. मॅडमचं म्हणणं, आपली चूक आपणच कशाला सांगायची. मी अडून बसलो. ही ओळ काढली तर बाकी तीन ओळी नुसत्या सफाईच्या वाटतात.

दुसरी, पुन्हा दाखवायचं, पण रविवारी १७ तारखेला दुपारी चार वाजता, शांततेच्या काळाच्या एक दिवस आधी. पूर्ण चर्चा, मध्ये न थांबवता. चिठ्ठी नाही, फळा नाही, कोण जिंकलं हा प्रश्न नाही. ज्याला आठवेल त्याने उठून सांगायचं की रस्त्याबद्दल कोण काय करणार म्हणालं. दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना निरोप दिला. क्लिपबद्दल निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करावी असं एकाने सुचवलं, पण कापलेली क्लिप म्हणजे आचारसंहितेचा भंग कसा हे आम्हाला नीट मांडता येईना. तो नाद सोडला.

फोनच्या वहीचं काय करायचं हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीच काढला. नंबरांची पानं फाडून समितीसमोर जाळली. चिठ्ठ्या ठेवल्या, त्यांवर आता फक्त क्रमांक आहेत.

निष्पत्ती

सतराला बावीस माणसं आली. लग्नसराई सुरू झालेली, शिवाय एकदा पाहिलेली चर्चा पुन्हा पाहायला कोण येतो. आले ते बहुतेक आधीचेच. सात सेकंदांचा तुकडा आला तेव्हा हॉलमध्ये हसू फुटलं, कारण क्लिपमधला तबला सगळ्यांच्या कानात होता. मग दीड मिनिटाचं उत्तर आलं. एक बाई उठून म्हणाल्या, “हे तर त्यांनी सांगितलं होतं की.” त्यांनीच बुधवारी मला आकडा न दिल्याचं सांगितलं होतं. मी काही बोललो नाही.

जाकीटवाल्यांच्या विनोदावर या वेळी हॉल हसला नाही, स्टुडिओतला हशा मात्र तसाच पिकला. मला अमेरिकेतल्याच रेगन-मॉन्डेल चर्चेवरचा प्रयोग आठवला. २१ ऑक्टोबर १९८४ ला, कॅन्सस सिटीत, त्र्याहत्तर वर्षांच्या रेगनना वयाबद्दल विचारलं. त्यांनी उत्तर दिलं की प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. मॉन्डेल स्वतः हसले. पुढे स्टीव्हन फाइन आणि सहकाऱ्यांनी, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काही जणांना ती चर्चा विनोदासकट पण प्रेक्षकांचा हशा काढून दाखवली, तर रेगनचा भाव उतरला. आमच्याकडे स्टुडिओचा हशा तसाच होता, बदलला होता तो शेजारी बसलेल्याचा.

शेजारी कोण हसलं आणि दुसऱ्या दिवशी लोक काय बोलले, यातच बहुतेकांचं मत शिजतं, असं मला या प्रकरणातून वाटू लागलं आहे. ६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोत, कार्टरबरोबरच्या चर्चेत, अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. ते तर उघड होतं. त्याच रात्री विचारलेल्या प्रेक्षकांना ते वाक्य फारसं खटकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बातम्यांनी ते वाक्य धरलं आणि पारडं कार्टरकडे झुकलं. तिथे ते काम बातम्यांनी केलं, आमच्या ले-आउटमध्ये तबल्याने.

६१ टक्क्यांचा फोटो मतदानाच्या दिवशीही फिरत होता. आमची चार ओळींची सूचना कुणी पुढे पाठवल्याचं मी पाहिलं नाही. दोन सभासदांनी वर्गणी भरणं थांबवलं, दोन्ही वेगवेगळ्या बाजूंचे. फोटोवाला पोरगा महिनाभर वाचनालयात आला नाही, मग परीक्षा आली तशी अभ्यासिकेत येऊन बसला.

आजींनाही मी फोन केला होता, त्या सदतीस जणांत त्या आहेत. काय आठवतं असं विचारलं तर म्हणाल्या, “ते फायलीवाली ताई बोलली ना, नळातून पाहिजे, दारातून कायले पाहिजे. बेस बोलली.” मी म्हटलं, आजी, ते तुम्ही म्हणालात. “मी?” त्या म्हणाल्या. “मी काहून बोलीन बाप्पा, माझं तोंड एवढं कुठं हाय.” आठांत एक त्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

‘कोण जिंकलं?’ विचारणार नाही. त्या प्रश्नाला माणूस स्वतःचं उत्तर देत नाही, लोक काय म्हणतील याचा अंदाज देतो. ‘रस्त्याबद्दल कोण काय करणार म्हणालं?’ असं विचारलं असतं तर रविवारची चिठ्ठी आणि बुधवारचा फोन एकमेकांशी पडताळून पाहता आले असते. आणि फळ्यावर लिहायला एक आकडा उरला नसता, म्हणजे फोटोही उरला नसता.

पांढऱ्या चिठ्ठीवरचा कलाचा प्रश्न मात्र पुन्हाही ठेवायला हवा असं मला अजून वाटतं. आधीच ताईंच्या बाजूचे किती आले होते हे कळल्याशिवाय ३१ ला अर्थ नाही. पण कल आणि फोन नंबर एका वहीच्या आधाराने जोडता येणं, ही चूक होती. दोन्हीपैकी एकच घ्यावं. मी फोन सोडला असता.

हॉलचे दोन भाग करून एका भागाला गप्प बसवावं, अशीही एक सूचना आली. मला पटली नाही. आजींना गप्प बसवून मोजलेली प्रतिक्रिया आमच्या ले-आउटची राहिलीच नसती.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा पोरांनी पुन्हा विषय काढला. अडतीस प्रभाग, एकशे एक्कावन्न जागा, बहुतेक प्रभागांत एका मतदाराला चार मतं. टीव्हीवर प्रभागाची चर्चा कोण ठेवणार? तरी एका वाहिनीवरचा नागपूरचा कार्यक्रम त्यांनी हॉलमध्ये दाखवला. मला फक्त एक काम सांगितलं होतं, जिन्यात उभं राहून पोहेवाल्याला थांबवायचं. तो पंचवीस मिनिटं थांबला, तर्री निवली म्हणून कुरकुरला. वर चिठ्ठ्या गोळा झाल्याचा आवाज आला तेव्हा मी त्याला सोडलं.